सेवाकार्यात कलेचे स्थान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे अखंड चाललेल्या संस्थेच्या कार्याचा आढावा घेताना आकडे सहज पुढे येतात. किती विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली, किती रुग्णांना औषधोपचार मिळाले, किती कुटुंबांपर्यंत मदत पोचली, याची नोंद दरवर्षीच्या अहवालात असते. हे आकडे मोलाचे आहेत. त्यांच्यामागे अनेकांचे कष्ट आणि दातृत्व उभे आहे. परंतु सेवेचा आणखी एक हिशोब असतो आणि तो कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाही. मदत घेताना घेणाऱ्याची मान ताठ राहिली की खाली झुकली, हा तो हिशोब. पोट भरले, अंगावर कपडा आला, फी भरली गेली. पण आपण कायमचे घेणारेच आहोत ही जाणीव मनात घर करून राहिली, तर ती सेवा अपुरी राहते. आजच्या विषयाचा संबंध या दुसऱ्या हिशोबाशी आहे.

समाजसेवा आणि कला हे दोन शब्द एकत्र उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मनोरंजन उभे राहते. वृद्धाश्रमात भजनसंध्या, बालगृहात जादूचे प्रयोग, रुग्णालयात नाताळ किंवा दिवाळीचा कार्यक्रम. यातून चार घटका आनंद मिळतो आणि तो आनंदही लहान नव्हे. मात्र येथे करणारे बाहेरचे असतात आणि पाहणारे आतले. कलेची खरी शक्ती प्रकट होते ती हे नाते उलटे झाल्यावर. ज्याची सेवा करायची तोच जेव्हा लिहू लागतो, गाऊ लागतो, रंगमंचावर उभा राहतो, तेव्हा घेणारा हात देणारा होतो. हे कसे घडते, आणि सेवा करणाऱ्याला त्यातून कोणते शिक्षण मिळते, हे पाहण्यासाठी प्रथम एका दूरच्या शहरातील अनाथाश्रमाकडे वळावे लागेल.

वॉर्सा येथील एक घर

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे डॉ. यानुश कोर्चाक नावाचे बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. परंतु लेखनासाठी घेतलेल्या टोपणनावानेच जग त्यांना ओळखते. वैद्यकीय व्यवसायात उत्तम जम बसलेला असताना, १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी उभारलेल्या आश्रमाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. स्तेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी. पहिल्या महायुद्धातील सैन्यसेवेचा काळ वगळता पुढील सुमारे तीस वर्षे कोर्चाक यांचे आयुष्य या मुलांबरोबर गेले.

या आश्रमाचे वेगळेपण असे की, येथे मुलांच्या शब्दाला किंमत होती. मुलांमधील तंट्यांचा निवाडा मुलांचेच न्यायमंडळ करीत असे आणि त्याच्या नियमावलीत क्षमेला अग्रस्थान होते. आश्रमाचे स्वतःचे साप्ताहिक वृत्तपत्र होते. ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. पुढे १९२६ साली कोर्चाक यांनी एका मोठ्या दैनिकाची पुरवणी म्हणून मुलांचे वृत्तपत्र सुरू केले. त्यात मजकूर मुलांचा, वार्ताहर मुले आणि वाचकही प्रामुख्याने मुलेच. युद्ध सुरू होईपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, ते निघत राहिले. घरी रागावलेल्या वडिलांविषयी, शाळेतील अपमानाविषयी, हरवलेल्या वस्तूविषयी लिहिलेले पत्र छापले जात आहे, हे पाहताना त्या मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. आपले दुःख सांगण्याजोगे आहे आणि ते ऐकणारा कोणी आहे, ही खात्री त्याला मिळत असे.

सेवाकार्याच्या प्रशिक्षणातही कोर्चाक यांची दृष्टी अशीच होती. आश्रमात काही तरुण-तरुणींची राहण्याजेवणाची सोय केली जाई. बदल्यात ते दिवसातील काही तास मुलांमध्ये काम करीत आणि काम करता करता शिकत. या प्रशिक्षणार्थींनी वही ठेवायची असा परिपाठ होता. आज कोणत्या मुलाशी कसे वागणे झाले, कोठे चुकले, काय समजले नाही, हे त्यात लिहायचे. स्तेफानियाबाई या वह्या वाचून आपली टिप्पणी लिहीत. प्रत्यक्ष घटना शब्दांत मांडायची म्हणजे ती पुन्हा नीट पाहावी लागते. ‘मुलगा हट्टी आहे’ एवढे लिहून भागत नाही. तो केव्हा, कोणाशी आणि कशासाठी हट्ट करतो, हे लिहावे लागते. लिहिता लिहिता तक्रारीचे निरीक्षण होते आणि निरीक्षणातून समजूत येते.

त्यांच्या एका व्याख्यानाची हकिगत प्रसिद्ध आहे. शिक्षकी पेशात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी क्ष-किरण विभागात बोलावले. सोबत एक लहान मुलगा होता. अंधार केल्यावर यंत्राच्या पडद्यावर त्या घाबरलेल्या बालकाचे वेगाने धडधडणारे हृदय सर्वांना दिसले. मुलावर रागावताना, त्याला शिक्षा करताना हे दृश्य आठवावे, एवढेच सांगून व्याख्यान संपले. तासभराच्या उपदेशाने जे साधले नसते, ते काही क्षणांच्या दर्शनाने साधले. कलावंत जे काम रंगांनी किंवा शब्दांनी करतो, तेच येथे एका डॉक्टराने प्रकाश आणि अंधार यांच्या साहाय्याने केले. न दिसणारे दिसू लागले.

खिडकीतला अमल

१९४० च्या अखेरीस नाझी राजवटीने वॉर्सातील ज्यूंना एका बंदिस्त वस्तीत कोंडले. वस्तीभोवती भिंत उभी राहिली. कोर्चाक यांच्या आश्रमालाही आपले घर सोडून या भिंतीच्या आत यावे लागले. उपासमार आणि टायफस यांनी रोज माणसे मरत होती. मुलांसाठी अन्न मिळवण्याकरिता हा वृद्ध डॉक्टर दारोदार फिरत असे. अशा काळात, १८ जुलै १९४२ रोजी, आश्रमातील मुलांनी एक नाटक सादर केले. ते नाटक होते रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘डाकघर’.

या नाटकाचा नायक अमल हा लहान, आजारी मुलगा. वैद्याच्या आज्ञेवरून त्याला घरात कोंडून ठेवले आहे. खिडकीशी बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा, खेळायला निघालेली मुले हेच त्याचे जग. समोर राजाचे टपालघर उघडले आहे आणि एक दिवस राजाचे पत्र आपल्याला येईल, या आशेवर तो जगतो. अखेरीस राजवैद्य येतात, बंद दारे-खिडक्या उघडायला लावतात आणि अमल शांतपणे झोपी जातो. वॉर्सातील त्या मुलांना अमलची अवस्था समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्यांच्या खिडकीबाहेर तर भिंत होती. हेच नाटक का निवडले, असे विचारले असता, मृत्यूला शांतपणे सामोरे जाणे मुलांना शिकता यावे म्हणून, अशा आशयाचे उत्तर कोर्चाक यांनी दिल्याची आठवण नमूद आहे.

नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, वस्तीतील लोकांना मृत्युछावणीकडे नेण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. कोर्चाक यांना भिंतीबाहेर काढून लपवून ठेवण्याची तयारी मित्रांनी यापूर्वी दाखवली होती. त्यांनी ती नाकारली. सुमारे २०० मुलांबरोबर कोर्चाक, स्तेफानियाबाई आणि अन्य सेवक रेल्वेस्थानकापर्यंत चालत गेले. त्रेब्लिंका येथील छावणीतून त्यांच्यापैकी कोणीही परतले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. नाटकाने त्या मुलांचे प्राण वाचले नाहीत. कला अन्नाची जागा घेऊ शकत नाही, औषधाची जागा घेऊ शकत नाही आणि अन्यायाला थोपवूही शकत नाही. मग त्या नाटकाने काय केले? पहारेकऱ्यांच्या लेखी ही मुले केवळ यादीतील संख्या होती. तालमीच्या त्या दिवसांत मात्र त्यांच्यातील कोणी अमल होता, कोणी सुधा होती, कोणी दहीवाला होता. संवाद पाठ करायचे, सोबत्याचे वाक्य संपण्याची वाट पाहायची, आपली वेळ आली की पुढे यायचे, ही माणसासारखे जगण्याचीच कामे होती. प्रेक्षकांत होते ते त्याच भिंतीआड अडकलेले लोक. त्या दिवशी त्या लोकांना काही देऊ शकणारे कोण होते? ती भुकेली मुले. बंगालच्या एका कवीने १९११ साली लिहिलेले नाटक हजारो मैलांवरच्या अनाथ मुलांनी आपलेसे केले आणि आपल्या शेजाऱ्यांना दिले.

महाराष्ट्रातील वाटा

ही कथा दूर देशातील आणि भीषण काळातील आहे. नेहमीच्या दिवसांत, शांततेच्या काळात कला सेवेच्या उपयोगी कशी पडते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

सुमित्रा भावे यांचे नाव चित्रपट दिग्दर्शिका म्हणून सर्वांना परिचित आहे. त्या मुळात समाजकार्याच्या अभ्यासक. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. पुढे ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात, वस्तीतील स्त्रिया स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा अभ्यास त्या करीत होत्या. तेव्हा एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. ज्या स्त्रियांविषयी हा अहवाल लिहायचा, त्यांतील कितीजणींना तो वाचता येणार होता? ज्यांचे जीवन त्यांच्यापर्यंतच अभ्यास पोचत नसेल, तर तो कोणाच्या उपयोगाचा? या प्रश्नातून त्या चित्रपटाकडे वळल्या. झोपडवस्तीतील एका कष्टकरी स्त्रीची कथा सांगणारा ‘बाई’ हा लघुपट १९८५ साली तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आपले आयुष्य पडद्यावर पाहता आले आणि त्यावर मत देता आले. अभ्यासाचा विषय असलेली स्त्री अभ्यासाची परीक्षक झाली.

पुढे सुनील सुकथनकर यांच्या साथीने त्यांनी केलेले काही चित्रपट सेवाकार्याच्या प्रशिक्षणात पाठ्यपुस्तकाइतके उपयुक्त ठरावेत असे आहेत. ‘देवराई’ मध्ये स्किझोफ्रेनिया जडलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. ‘अस्तु’ मध्ये स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृत पंडित आहेत. मुलीच्या नजरेआड होऊन ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची पत्नी. तिला त्यांच्या विद्वत्तेची ओळख नाही, भाषाही वेगळी. तरी ती त्यांना लेकरासारखे जपते. दुसरीकडे जन्मभर वडिलांवर प्रेम करणारी मुलगी थकून गेली आहे. पंडितांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवून आणण्याचे काम त्यांनी आवर्जून केले आहे. घरात असा रुग्ण असलेली व्यक्ती जेव्हा हा चित्रपट पाहते, तेव्हा आपले थकणे म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे, हे तिला उमगते. स्वयंसेवकाला उमगते ते असे की, रुग्णाबरोबरच त्याला सांभाळणाऱ्याचीही विचारपूस करायची असते.

पुण्यातीलच ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राचेही स्मरण येथे होणे उचित आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या पाठबळातून, ते सुरू केले. अनिल अवचट यांना बासरी, चित्रकला, काष्ठशिल्प, कागदाच्या घड्यांची कला अशा अनेक गोष्टींची आवड होती. हे छंद त्यांनी रुग्णमित्रांपासून वेगळे ठेवले नाहीत. व्यसन सुटल्यावर दिवसात जी भयाण पोकळी निर्माण होते, ती केवळ निश्चयाने भरत नाही. हातांना आणि मनाला काही रस घेण्याजोगे लागते. वरोड्याजवळील आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठमुक्तांच्या हातांना काम दिले, पुढे डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. ज्यांच्याकडे पाहून लोक तोंड फिरवीत, त्यांचे गाणे ऐकण्यासाठी लोक तिकीट काढून बसू लागले. कीव आणि कौतुक यांतील अंतर यावरून ध्यानी यावे.

सेवकाचे शिक्षण

आता प्रशिक्षणाविषयी थोडे. संस्थांमधून स्वयंसेवकांची शिबिरे होतात. त्यांत भाषणे असतात, टिपणे दिली जातात. तरीही प्रत्यक्ष प्रसंग आला की चांगल्या मनाचा स्वयंसेवक चुकतो. कारण त्याने प्रसंगाविषयी ऐकलेले असते, त्या प्रसंगात तो उभा राहिलेला नसतो.

ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी यासाठी एक अत्यंत सोपी रंगपद्धती घडवली. एखादा अन्यायाचा किंवा अडचणीचा प्रसंग नाट्यरूपाने दाखवायचा. तो संपला की पुन्हा आरंभ करायचा. या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून मध्येच पुढे यावे, पात्राची जागा घ्यावी आणि आपण वेगळे काय केले असते, ते करून दाखवावे. ‘असे करायला हवे होते’ हे बसल्या जागी सांगणे सोपे असते. उभे राहून करू लागले की त्यातील अडचण समजते. भारतात पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृति’ या संस्थेने ही पद्धत गावोगावी नेली.

समजा, दवाखान्यातील एक साधा प्रसंग घेतला. वृद्ध गृहस्थ मुलासोबत आले आहेत. स्वयंसेवक सगळे प्रश्न मुलालाच विचारतो. ‘यांना झोप लागते का? हे जेवतात का?’ वृद्ध समोर बसून ऐकत आहेत. ज्याने वृद्धाची भूमिका केली असेल, त्याला विचारावे की त्या वेळी मनात काय आले. स्वतःविषयीचे बोलणे आपल्याला वगळून चालले आहे, हा अनुभव पाच मिनिटे घेतलेला स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खाली वाकून वृद्धाच्या डोळ्यांत पाहून बोलेल. या शिक्षणाला पडदा लागत नाही, प्रकाशयोजना लागत नाही. एक खोली, दोन खुर्च्या आणि थोडा मोकळेपणा पुरेसा आहे.

काही पथ्ये

प्रत्येक औषधाला पथ्य असते. कलेच्या बाबतीतही काही पथ्ये सांभाळली पाहिजेत.

पहिले पथ्य असे की, सक्ती नसावी. ज्याला गायचे नाही त्याला न गाण्याचा अधिकार आहे. काही मुले कित्येक दिवस नुसती पाहत बसतात. तेही सहभागीच असतात. दुसरे असे की, स्पर्धा आणि बक्षिसे यांचा मोह आवरावा. वाकडेतिकडे चित्र काढणाऱ्या मुलाला त्या चित्रात काही सांगायचे असेल, तर त्याला क्रमांक नको असतो. पाहणारा हवा असतो. तिसरे, चित्रावरून कोणाच्या मनाचे निदान करण्याच्या फंदात स्वयंसेवकाने पडू नये. ते प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे. लिहिताना किंवा रंगवताना कोणाचे जुने दुःख वर आले, तर शांतपणे सोबत बसावे आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे न्यावे. चौथे, जे लिहिले किंवा रेखाटले गेले ते करणाऱ्याच्या मालकीचे असते. त्याला विचारल्याशिवाय ते भिंतीवर लावू नये, अहवालात छापू नये.

पाचवे पथ्य सर्वांत नाजूक आहे, आणि संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा असे आहे. वार्षिक समारंभात आश्रमातील किंवा वसतिगृहातील मुले स्वागतगीत म्हणतात, नृत्य करतात. देणगीदार समोरच्या रांगेत बसलेले असतात. हेतू चांगला असतो, मुलांनाही नटण्याथटण्याचा आनंद मिळतो. परंतु कार्यक्रमाचा सूर ‘तुमच्या उपकारांमुळे आम्ही’ असा झाला, तर तीच कला मुलाची मान पुन्हा खाली घालते. वॉर्सातील मुलांचे नाटक आणि असा कार्यक्रम यांतील फरक अभिनयाच्या दर्जाचा नाही. तेथे मुले काही देत होती; येथे घेतल्याची पावती देतात. गाणे तेच ठेवूनही सूर बदलता येतो. काय सादर करायचे हे मुलांना ठरवू द्यावे, त्यांच्या वर्गमित्रांना आणि शेजाऱ्यांना प्रेक्षक म्हणून बोलवावे आणि आभाराचे वाक्य त्यांच्या संवादांतून वगळावे. खऱ्या दात्याला त्या वाक्याची अपेक्षाही नसते.

बंधुभगिनींनो, यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वसतिगृहात एक भित्तिपत्रक, ज्याचे संपादक विद्यार्थीच असतील. वृद्धांकडून त्यांच्या गावच्या, दुकानाच्या, लग्नकार्याच्या आठवणी ऐकून त्या लिहून घेणारे दोन युवक. रुग्णांची सोबत करणाऱ्या भगिनींसाठी एक वही आणि महिन्यातून एकदा त्या वह्यांवर मनमोकळी चर्चा. एवढ्या सामग्रीवर आरंभ होऊ शकतो. ज्या आजींना गेली काही वर्षे फक्त ‘औषध घेतले का’ एवढेच विचारले जात आहे, त्यांना कोणी ‘तुमच्या लहानपणी घरात कोणती गाणी म्हणत?’ असे विचारले, तर त्या क्षणी त्या रुग्ण राहत नाहीत. सांगणाऱ्या होतात आणि विचारणारा ऐकणारा होतो.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी असतात, विश्वस्तांची आणि देणगीदारांची छायाचित्रे असतात. ती असावीतच, त्यांच्या त्यागावर संस्था उभी आहे. मात्र हीरक महोत्सवाची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यातील काही पाने वसतिगृहातल्या मुलांनी, दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांनी आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या स्वयंसेवकांनी लिहिलेली असावीत. त्या पानांवर आभार नसतील. त्यांचे स्वतःचे काहीतरी असेल. ती पाने वाचून समाजाला काही मिळाले, तर या संस्थेच्या दुसऱ्या हिशोबाची बाजूही जमेची ठरेल.